१९९४ ची जिप्सी, वणीच्या घाटात बंद पडते, कार्बोरेटर घरीच खोलावा का?

दिंडोरीरोड

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी एमजी ४१० डब्ल्यू, १९९४ चं मॉडेल, ९७० सीसीचं इंजिन, सॉफ्ट टॉप. वडिलांनी सेकंडहँड घेतली होती, आता वडील नाहीत, त्यामुळे विकायचा विषयच नाही. आरसी रिन्यू करून घेतलीय, बॉडीचं काम झालंय, फोर बाय फोर व्यवस्थित लागतो. वापर म्हणाल तर रोज मळ्यात जायला आणि महिन्यातून एकदा सप्तशृंगी गडावर नाहीतर हरिहरच्या बाजूला.

त्रास असा की पावसाळ्यानंतर गाडी सिग्नलला आयडलला (म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता) धरत नाही, चोक थोडा ओढून ठेवला तर धरते. वणीवरून नांदुरीला आलो आणि घाट चढायला लागलो की वळणावर गिअर टाकून अ‍ॅक्सिलेटर दिला की गचके देते, दोनदा तर भर वळणात बंद पडली, मागे एसटी उभी, आईला दरदरून घाम फुटला. सरळ रोडला ५०-६० ने बरी पळते पण मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि अ‍ॅव्हरेज ११-१२ वरून ७ वर आलंय. प्लग काढून बघितले, चारही काळे, काजळी बोटाला लागते.

गावातल्या एका गॅरेजवाल्याकडे दिवाळीच्या आधी दाखवली होती, त्याने कार्बोरेटर साफ केला म्हणाला, त्यानंतर गचके थोडे कमी झाले पण धूर तेव्हापासूनच सुरू झाला. आता तो म्हणतो पूर्ण कार्बोरेटर बदला. मला किट (पॅकिंग, डायफ्राम वगैरेचा संच) आणून घरीच खोलायचाय. ट्रॅक्टरचं बरंचसं काम मी स्वतः करतो, पाने सगळे आहेत, कॉम्प्रेसर आहे, पण कार्बोरेटर कधी खोललेला नाही. कुणी केलंय का घरी? काय जपायचं?

घाटवाटा

भाऊ माझ्याकडे पण ४१० आहे, नाशिकरोडला. माझा अनुभव सांगतो म्हणजे तुझे पैसे वाचतील. मी मागच्या वर्षी कंटाळून नवा डुप्लिकेट कार्बोरेटर बसवला, दिसायला चकचकीत, पण आयडल कधी स्थिर झालंच नाही, सकाळी ९०० वर लावावं तर दुपारी १४०० वर, सेकंडरी (जास्त रेस दिल्यावर उघडणारी दुसरी झडप) कधी उघडायची कधी नाही. शेवटी जुनी ओरिजिनल बॉडीच शोधून काढून तिच्यात किट टाकलं आणि आता तीच चालवतोय. जुनी बॉडी हाताबाहेर देऊ नको, कुणी एक्स्चेंज म्हणालं तरी नाही.

किट घेताना डायफ्राम (रबरी पडदा) हाताने वाकवून बघ, कडक वाटला तर घेऊ नको, कित्येक वर्षं दुकानात पडून असतात. नाशकात द्वारकेच्या बाजूला दोन-तीन दुकानं फिरलास तर मिळेल, जुनं पॅकिंग सोबत घेऊन जा आणि काउंटरवरच भोकाला भोक लावून बघ, मारुती ८०० चं किट आणि जिप्सीचं किट सारखंच म्हणून हातात देतात, तसं नसतं.

कार्बवालेकाका

दिंडोरीरोड, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी तीस वर्षं कार्बोरेटरच्या गाड्यांवर काम केलंय, आता घरी असतो, हात शिवशिवतात म्हणून इथे लिहितो.

तू दोन उलट गोष्टी सांगितल्यास बघ. आयडलला धरत नाही आणि चोक ओढला की धरते, म्हणजे तिथे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त जातेय. आणि सरळ रोडला काळा धूर, काळे प्लग, म्हणजे तिथे पेट्रोल जास्त जातंय. एकाच कार्बोरेटरमध्ये दोन्ही. नुसता कचरा अडकला असता तर बहुतेक कमीच पडलं असतं, जास्त नाही. फ्लोट (पेट्रोलची लेव्हल धरणारा तरंगता गोळा) ओव्हर होत असता तर दोन्हीकडे जास्त झालं असतं. मग हे दोन्ही एकत्र कसं? माझा अंदाज सांगतो, तू खोलल्यावर खरं खोटं कळेलच. कुठून तरी चोरटी हवा आत जातेय, बहुतेक थ्रॉटलच्या (रेस दिल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) शाफ्टमधून नाहीतर बुडाच्या पॅकिंगमधून, आणि ती हवा शोधायच्या ऐवजी कुणीतरी मेन जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं) भोक मोठं केलंय. साफ केला म्हणाला त्या दिवसापासून धूर सुरू झाला हे तूच लिहिलंयस.

पण कार्बोरेटरला हात लावायच्या आधी बाकीचं बघून घे, कारण मी आयुष्यात जितके कार्बोरेटर विनाकारण खोललेले बघितलेत तितके खराब झालेले नाही बघितले. आधी टॅपेट (व्हॉल्व्हचं गॅप), मग स्पार्कच्या पॉईंटचं गॅप आणि टायमिंग, मग प्लग नवे टाक. एअर फिल्टर काढून चालवून बघ, द्राक्षाच्या हंगामात मळ्यातली धूळ आणि औषधाची पावडर बसून फिल्टर जाम होतो आणि माणूस जेटला दोष देत बसतो. आणि एक महत्त्वाचं, ऑईलची डिपस्टिक काढून वास घे. त्या इंजिनला पेट्रोलचा पंप मेकॅनिकल असतो, त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. वास आला किंवा ऑईलची लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर गाडी चालवूच नको, आधी पंप आणि ऑईल बदल, नाहीतर बेअरिंग जाईल.

हे सगळं ठीक असेल तर इंजिन गरम करून आयडलला ठेव आणि साध्या पाण्याचा बारीक फवारा कार्बोरेटरच्या बुडाला चारी बाजूंनी मार, मग शाफ्ट जिथे बॉडीतून बाहेर येतो त्या दोन्ही टोकांना मार. बागेतला औषधाचा फवारा वापरू नको, नवी बाटली घे. जिथे पाणी मारल्यावर इंजिनचा आवाज बदलतो तिथून हवा जातेय. काही पोरं यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात, गरम इंजिनवर तो पेट घेऊ शकतो, तसं करू नको. फवारा मारून झाला की इथे लिही.

दिंडोरीरोड

काका खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. कालच सगळं केलं. ऑईलला वास नाही, लेव्हल बरोबर. दोन टॅपेट टाईट होते ते सेट केले. पॉईंट झिजलेले होते, नवे टाकले. एअर फिल्टर काढून चालवली तरी धूर तसाच.

पाण्याचा फवारा बुडाला मारला, काही नाही. मग शाफ्टच्या टोकाला, अ‍ॅक्सिलेटरची केबल जिथे लागते त्या बाजूला मारला आणि आवाज लगेच बदलला, इंजिन क्षणभर सावरल्यासारखं झालं. परत मारला, परत तसंच. मग इंजिन बंद करून शाफ्ट बोटात धरून हलवला तर वरखाली चक्क हलतो, कागद सहज आत जाईल एवढा.

आता खोलायचं ठरलंय. शनिवारी करतो.

सातपूरलेथ

शाफ्ट हलतोय म्हणजे काम माझ्या लाईनचं आहे म्हणून लिहितो, माझं सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि मिलिंग. जिप्सी, जुनी ८००, पद्मिनी, अशा बऱ्याच बॉड्यांना बुश (झिजलेल्या भोकात बसवायची धातूची नळी) घातलेत.

नुसता बुश घालून भागत नाही, शाफ्टपण मायक्रोमीटरने मोजायला लागतो, बहुतेक वेळा केबलच्या बाजूला शाफ्टच झिजून कंबर पडलेली असते आणि बॉडीचं भोक लंबगोल झालेलं असतं, कारण रिटर्न स्प्रिंग वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओढत असते. शाफ्ट नवा करायचा किंवा चांगला शोधायचा, आणि बॉडीला दोन्ही बाजूंना गनमेटलचे बुश. दोन्ही भोकं एकाच सेटिंगमध्ये रीम (नेमक्या मापाला साफ) व्हायला पाहिजेत, एक बाजू करून बॉडी उलटी लावून दुसरी केली की शाफ्ट फिरतो पण बटरफ्लाय (शाफ्टवरची गोल चकती) एका कडेला घासते आणि मग आयडल कधीच खाली येत नाही. हँड ड्रिलवर तर अजिबात नको. बॉडी कास्टिंगची असते, बारीक भिंत तडकली की संपलं.

भाऊ एक मात्र नीट ऐक, बटरफ्लायचे जे दोन बारीक स्क्रू असतात ते मागच्या बाजूने ठोकून फुलवलेले असतात, सैल होऊन इंजिनमध्ये पडू नयेत म्हणून. सरळ स्क्रू ड्रायव्हर लावून फिरवलेस तर शाफ्टमध्येच तुटतात. मागची फुललेली टोकं बारीक कानसीने घासून सपाट कर, मग खोल. हात बसत नसेल तर तसाच माझ्याकडे घेऊन ये, मी काढून देतो. आणि बसवताना नवे स्क्रू, लॉकटाईट, आणि परत मागून फुलवायचे. यात कंजुषी नको, एक स्क्रू पिस्टनवर पडला तर इंजिन जातं.

कार्बवालेकाका

बघ, हवा सापडली. आता खोलायचं कसं ते सांगतो, घाई करू नको, शनिवार पुरला नाही तर रविवार आहे.

जागा उघड्यावर घे, पोर्चचं शटर लावून आत काम नको. बॅटरीची निगेटिव्ह काढ. जवळ रेतीची बादली किंवा फायर एक्स्टिंग्विशर ठेव, देवघरातला दिवा आणि स्वयंपाकघरातला गॅस जवळ नको, पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत जाते.

कार्बोरेटर काढायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढ, आणि प्रत्येक व्हॅक्यूमच्या नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाक. नळ्या कडक झालेल्या असतील तर सगळ्या बदल, एकेक चिरलेली नळी म्हणजे एकेक चोरटी हवा. कार्बोरेटर उचलला की मॅनिफोल्डच्या तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंब. त्याच्याखाली काळा जाड बेकेलाईटचा पॅड असतो, तो काढून उजेडात धर, केसाएवढी तडा गेली असेल तरी नवा घे.

आता टेबलावर पांढरं कापड अंथरून त्याच्यावर काम कर. वरचं झाकण उचलताना फ्लोट अडकतो, सरळ वर उचल. बाउलच्या (पेट्रोल साठायच्या वाटीच्या) तळाशी बघ काय आहे ते. पावसाळ्यानंतर पांढरी नाहीतर हिरवट पावडर बसलेली असते, ती पाण्याने होते, आणि लालसर गाळ असेल तर टाकी गंजलीय, मग टाकी धुतल्याशिवाय हे काम दोन महिन्यांत परत करावं लागेल.

अ‍ॅक्सिलेटर पंपाची बारीक स्टीलची गोळी असते, मोहरीपेक्षा थोडी मोठी. बॉडी उलटी केली की ती टणकन उडते आणि मग माणूस फरशीवर तासभर रांगत असतो, म्हणूनच पांढरं कापड. बॉडी उलटी करायची ती ताटातच. तुझी गाडी वळणावर गिअर टाकल्यावर गचके देते ना, त्यात या पंपाचा हात असणार. कार्बोरेटर गाडीवर असताना इंजिन बंद ठेवून वरून बघायचं आणि हाताने थ्रॉटल उघडायचा, उघडताक्षणी पेट्रोलची सरळ बारीक धार पडली पाहिजे, उशिरा किंवा थेंब थेंब नाही. डायफ्राम आणि गोळी दोन्ही बघ.

आयडलच्या मिक्श्चर स्क्रूला हात लावायच्या आधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरव आणि किती वेढे झाले ते मोजून वहीत लिही, मग काढ. टोकाला रिंग उमटली असेल तर कुणीतरी आवळून टोक खराब केलंय, बदल.

जेटमध्ये सुई, तार, टाचणी काही घालायचं नाही. पितळ मऊ असतं, ओरखडा पडला की जेट गेला. कार्ब क्लीनर मार, रात्रभर राहू दे, मग कॉम्प्रेसरची हवा, डोळ्याला चष्मा लावून. फारच अडलं तर वायरीतला तांब्याचा एकच मऊ धागा, तोही ढकलायचा, घासायचा नाही. तोंडाने फुंकर मारायची जुनी सवय आहे लोकांना, माझ्या उस्तादाला होती, म्हातारपणी फार खोकायचे, तू करू नको. रबर आणि डायफ्राम काढल्याशिवाय बॉडी क्लीनरमध्ये टाकायची नाही.

आता मुख्य गोष्ट. मेन जेटवर आकडा कोरलेला असतो, तो भोकाचा व्यास असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १०० आकडा म्हणजे १ मिलिमीटर. बारीक ड्रिल बिट घे, धारेची बाजू नाही, मागची गुळगुळीत दांडी, आणि अलगद लावून बघ, आकड्यापेक्षा जाड दांडी आत गेली तर भोक वाढवलंय. भिंग लावून बघितलंस तर आतल्या ओरखड्यांवरूनही कळेल, कंपनीचं भोक आरशासारखं असतं.

वरचं झाकण आणि बुड सपाट आहे का ते जाड काचेवर ठेवून फिलर गेजने बघ. झाकण मधे उचललेलं असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून आठच्या आकारात हलकं हलकं घास. सिलिकॉन लावून सपाटी भरून काढायची नाही, पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जातात.

बसवल्यावर फ्लोट लेव्हल तुला काचेतून दिसेल, बाउलला छोटी गोल काच असते, पेट्रोल तिच्यावरच्या गोल खुणेच्या मध्यावर पाहिजे, गाडी सपाट जागी उभी करून बघायचं. ही लेव्हल तुझ्यासारख्या डोंगरात चालवणाऱ्याला फार महत्त्वाची. लेव्हल आधीच खाली असली की चढावर पेट्रोल बाउलच्या एका कडेला जातं आणि जेट उघडा पडतो, आणि लेव्हल वर असली की हेलकाव्याला पेट्रोल सांडून गाडी गुदमरते.

दिंडोरीरोड

काका तुमचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. मेन जेटवर ९७.५ लिहिलंय आणि त्यात १.१ ची दांडी आरामात गेली. भिंगातून बघितलं तर आत ओरखडेच ओरखडे. म्हणजे किती जास्त पेट्रोल जात होतं कुणास ठाऊक.

बाउलमध्ये पांढरी पावडर होती, गंज नाही, टाकी वाचली. पंपाची गोळी त्या पावडरीने चिकटून बसली होती, क्लीनरमध्ये ठेवल्यावर सुटली. इग्निशन ऑन केल्यावर सोलेनॉईडचा (आयडलचं पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा) टक आवाज येतोय तो पण तपासला. बॉडी उद्या सातपूरला घेऊन जातोय, दादा तुमचा पत्ता खासगीत पाठवा, स्क्रू मी घासून बघितले, एक निघाला, दुसऱ्याला भीती वाटली म्हणून थांबलो.

एक शंका आहे. आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतंय, माझी गाडी ३० वर्षांहून जुनी, तर जेट ९७.५ चाच टाकू का एक नंबर मोठा? इथे काही जण म्हणतात मोठा टाकावाच लागतो.

सातपूरलेथ

पाठवलाय पत्ता. थांबलास ते फार बरं केलंस. बॉडीसोबत शाफ्ट, बटरफ्लाय, स्प्रिंग सगळं आण, आणि बटरफ्लायची वरची बाजू कुठली त्यावर मार्करने खूण करून आण, ती उलटी बसली तर कधीच बंद होत नाही, कारण कडा तिरक्या कापलेल्या असतात.

कार्बवालेकाका

१.१ म्हणजे बघ, भोकाचं क्षेत्रफळ आकड्यापेक्षा सव्वापटीच्याही वर गेलं. तुझं ११ चं अ‍ॅव्हरेज ७ वर का आलं त्याचं उत्तर मिळालं.

ई२० चं विचारलंस ते बरोबर विचारलंस. २०२३ पासून ते पंपावर यायला लागलं आणि आता जवळपास तेच मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा, ई२० ला साधारण साडेतेरा. जेट तोच ठेवला तर मिश्रण अंदाजे ८ टक्के लीन (पेट्रोल कमी) होतं. एवढं ऐकून लोक जेट मोठा करतात. पण आपण राहतो कुठे ते पण धर ना. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे, हवा पातळ, त्याने कार्बोरेटर आपोआप ३ टक्क्यांच्या आसपास रिच (पेट्रोल जास्त) होतो. गडावर गेलास की उंची जवळपास दुप्पट, तिथे ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इथेनॉलने जे लीन केलं त्यातलं काही नाशकात आणि बरंचसं गडावर उंचीने भरून निघतं. हीच गाडी मुंबईला असती तर मी एक नंबर मोठा टाक म्हणालो असतो. तू ९७.५ चाच ओरिजिनल जेट टाक, ५०० किलोमीटर चालव, मग प्लग बघ. फिक्या चॉकलेटी रंगाचे आले तर विषय संपला. अगदी पांढरे पडले, किंवा घाटात ताणल्यावर इंजिन टकटक करायला लागलं, तर १०० चा टाक.

ई२० चा खरा त्रास जेटला नाही, रबराला आहे. १९९४ चं रबर या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या बदल, इथेनॉलला चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीच्या नळ्या मागून घे. पंपाचा डायफ्राम आज चांगला असला तरी एक आणून ठेव. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली बसतं. तुझ्या बाउलमधली पांढरी पावडर त्यातूनच आली असणार. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव, अर्धी नको, रिकाम्या जागेतल्या हवेतच दमटपणा असतो. आणि महिनाभर हलणार नसेल तर टाकीकडून पंपाला येणारी पेट्रोलची नळी काढून, तिचं तोंड बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव म्हणजे बाउल कोरडा होतो.

घाटवाटा

काका मी पाच वर्षं जिप्सी चालवतोय, उंचीचा हा हिशोब पहिल्यांदा कळला. म्हणूनच कसारा उतरून खाली गेलो की माझी गाडी वेगळी वाटते, आणि परत इगतपुरीला आलो की वेगळी. मला वाटायचं मनाचे खेळ आहेत.

ट्यूनिंगसाठी एक माझ्याकडून. मिक्श्चर कानाने सेट करायला सगळ्यांना जमत नाही. गाडी पूर्ण गरम करून पीयूसीवाल्याकडे जा, गर्दी नसताना, आणि त्याला सांग नळी लावून ठेव, मी स्क्रू फिरवतो. मशीनवर सीओ (कार्बन मोनॉक्साईड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) दोन्ही आकडे समोर दिसतात. आपल्या जुन्या गाड्यांना मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम आहे, पण तिथवर जायचं नाही, सीओ दीड-दोनच्या आसपास आला आणि एचसी सगळ्यात खाली आला की थांबायचं. स्क्रू पाव वेढा फिरवायचा आणि थांबायचं, आकडा यायला वेळ लागतो.

दिंडोरीरोड

उशिरा लिहितोय, माफ करा, द्राक्षाची तोडणी सुरू होती, सकाळपासून रात्रीपर्यंत वेळच मिळाला नाही.

सातपूरच्या दादांनी दोन दिवसांत बॉडी करून दिली. दोन्ही बाजूंना बुश, शाफ्ट नवा. हातात घेऊन थ्रॉटल उघडला आणि सोडला तर कट्ट आवाज करून पूर्ण बंद होतो, आणि उजेडासमोर धरलं तर बटरफ्लायच्या कडेने सगळीकडून सारखी केसाएवढी बारीक रेघ दिसते. त्यांनी मला ती रेघ दाखवून सांगितलं की ही सगळीकडे सारखी आहे म्हणजे काम बरोबर झालंय. मी दहा वेळा उघडबंद करून बघितलं.

मेन जेट ओरिजिनल नंबरचा तिसऱ्या दुकानात मिळाला, फ्लोटची निडल आणि सीट बदलली, सगळी पॅकिंग नवी, पंपाचा डायफ्राम नवा, नळ्या सगळ्या नव्या. बसवताना बुडाचे चार नट आडवेतिडवे थोडे थोडे करून आवळले. काचेत बघितलं तर पेट्रोल बरोबर मध्यावर आलं, वाकवायची गरजच पडली नाही. पहिल्या सेल्फला नाही लागली, बाउल भरायला वेळ गेला, चौथ्या सेल्फला लागली आणि आयडलला अशी उभी राहिली की आई घरातून बाहेर येऊन म्हणाली, आवाज तुझ्या बाबांच्या वेळचा आलाय.

पीयूसीला सीओ १.८ आला, एचसी ४०० च्या आसपास. मिक्श्चर स्क्रू जुन्या मापापेक्षा पाऊण वेढा आत आला, म्हणजे आयडलची हवा झाकायला तो पण उघडलेला होता.

काल पहाटे गडावर जाऊन आलो. नांदुरीपासून चढायला लागलो तेव्हा पोटात गोळाच होता. जिथे दोनदा बंद पडली होती त्या वळणावर मागेपुढे कुणी नाही बघून मुद्दाम थांबलो, हँडब्रेक ओढला, दोन मिनिटं आयडलला ठेवली, मग पहिला टाकून उचलली. एक गचका नाही. आईने तिथेच हात जोडले. येताना टाकी फुल करून हिशोब केला, घाट धरून १०.६ चं अ‍ॅव्हरेज. प्लग आज सकाळी काढले, चारही फिक्या चॉकलेटी रंगाचे, तिसरा किंचित गडद.

काका, दादा, भाऊ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तोडणी संपली की तुमच्यासाठी पेटी बाजूला काढून ठेवतो, पत्ते खासगीत द्या.

सातपूरलेथ

पेटी नको, गाडी एकदा घेऊन ये, आवाज ऐकायचाय.

कार्बवालेकाका

फार बरं वाटलं वाचून, खरंच. तिसऱ्या प्लगची काळजी करू नको, पुढच्या वेळी टॅपेट बघशील तेव्हा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तेवढं मोजून घे. बुडाचे चार नट ५०० किलोमीटरला एकदा परत बघ, नवं पॅकिंग दबतं आणि नट किंचित सैल पडतात, पण थंड इंजिनवर बघ आणि ताकद लावू नको.

आणि तो भोक वाढवलेला जेट अजून टूलबॉक्समध्ये असेल तर आजच पक्कडीने चेपून फेकून दे. त्याच्यावर अजून ९७.५ च लिहिलेलं आहे, दहा वर्षांनी कुणाच्या हाताला लागला तर तो ओरिजिनल समजून परत बसवेल.